सळई नसलेली मान

पिपरी मेघे, वर्धा
१० ऑगस्ट

प्रिय श्रीनिवासभाऊ,

तुम्ही माझं अक्षर कधी पाहिलेलं नाही, मलाही पाहिलेलं नाही. 'जाड तारा' या आपल्या बेसवाल्यांच्या ग्रुपवर मी 'नमिता, सेलू' या नावाने होते, अजूनही आहे. मार्चमध्ये तुम्ही ग्रुप सोडला. त्यानंतर मी तुम्हाला दोन निरोप पाठवले, दोन्हींवर एकच टिक राहिली. म्हणून पत्र. पत्ता तुमच्या एका जुन्या फोटोतून घेतला. तुम्ही पेटीचा भाता चिकटवत बसला आहात आणि मागे वाद्यदुरुस्तीच्या दुकानाची पाटी आहे, ती मोठी करून पाहिली तर हिंगणघाटच्या गल्लीचं नावही वाचता येतं.

आर्वीच्या विमलाताईंच्या बेस गिटारीची मान वाकली. ती माझ्यामुळे वाकली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी कुठे वळते आहे याचा अंदाज घेत तुम्हाला बसावं लागणार नाही.

मी सावंगीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहाय्यक आहे. बाबा सेलूच्या बाजारात कापूस मोजायचं काम करतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्यांना सहसा कळत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलं आहे, विजेच्या बिलामागे काय लिहिलं आहे, मोठ्या काकांच्या सातबाऱ्यात कोणाचं नाव आधी आलं, सगळं माझ्यापुढे ठेवलं जातं. बाबा विचारतात, "पाह्य बरं, काय म्हणते हे?" मी वाचून सांगते आणि वाद तिथे संपतो. नववीपासून असं चाललं आहे. त्यामुळे मला एक सवय लागली. छापलेलं मला दिसलं की बोललेलं हलकं वाटतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही, फक्त कसं झालं ते सांगते.

बेसकडे मी आले ती कॉलेजच्या गॅदरिंगमुळे. सगळे गाणाऱ्याकडे पाहत होते आणि माझ्या मात्र छातीत काहीतरी हलत होतं, ते कुठून येतं ते शोधत मी स्टेजच्या कडेला गेले. दोन वर्षांनी नोकरी लागल्यावर जुनी गिटार घेतली. माझ्या घरमालकीण शकुंतलाबाई खालच्या मजल्यावर राहतात. पहिल्याच आठवड्यात त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "काऊन वं, तुह्या त्या बाज्यानं माह्या फळीवरचे गिलास नाचून राह्यले." मला तो दिवस फार आनंदाचा गेला. इतक्या दूर आवाज पोचला म्हणून.

ग्रुपवर आल्यावर तुम्हीच पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. मी पंधरा प्रश्न एकदम विचारले होते, क्रमांक टाकून. तुम्ही लिहिलं, "पोरी, एक महिना एकच सूर वाजव. ढोलकीवाल्याच्या हाताकडे पाह्य, आपल्या हाताकडे नोको पाहू." मला राग आला. पंधरा प्रश्नांना एक उत्तर! मग तुम्ही स्वतः वाजवलेलं पाठवलं आणि मी लिहिलं, "भाऊ, रेकॉर्डिंगमध्ये आवाजच आलेला नाही, परत पाठवता का?" पुलगावचा धर्मेंद्र, जो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, त्याने अर्धा तास माझी फिरकी घेतली. "अरे बाप्पा, मोबाईलच्या डबड्यावर बेस आयकून राह्यली हे!" तुम्ही फक्त लिहिलंत, "हेडफोन लाव. एवढुशा पेटीतून जाड आवाज निघत नाई." मी हेडफोन लावला. साधा चार सुरांचा चढ-उतार होता, आणि दोन सुरांच्या मधली जागाही वाजवल्यासारखी वाटत होती.

तो ग्रुप मला आवडायचा. रोज संध्याकाळी कोणीतरी काहीतरी वेडं विचारायचं. एकाने नव्या तारा आधी कापल्या आणि मग खुंटीला गुंडाळायला गेला, तर चारही आखूड. ग्रुपमधल्या अश्वजितने त्याला विचारलं, "शिंप्याकडे काम केलं होतं का भाऊ आधी?" धर्मेंद्रचं वाक्य तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. "बेसवाला आला तं कोनी पाह्यत नाई, अन् नाई आला तं नवरदेवाचे पाय उचलत नाई." या सगळ्यात नव्या माणसाला शेवटी नीट उत्तर मिळायचं, आणि ते बहुतेक वेळा तुमचं असायचं.

विमलाताई जानेवारीत आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय एकसष्ट. त्यांचे यजमान महादेवराव पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवत, दोन वर्षांपूर्वी गेले. ताईंनी पहिल्याच दिवशी जे विचारलं ते तुम्हाला आठवत असेल. महादेवराव रोज सकाळी अंगणात एकच चाल वाजवत. ऑर्केस्ट्रातलं कुठलं तरी गाणं असणार, पण ताईंनी ते गाणं कधी ऐकलं नव्हतं, फक्त त्याची ही खालची बाजू ऐकली होती, पंचवीस वर्षं. गाणं कोणतं ते विचारायचं राहून गेलं. त्यांनी ती चाल गुणगुणून पाठवली आणि लिहिलं, "गाणं नाही कळलं तरी चालेल, मला एवढंच वाजवता आलं पाहिजे." चाळीस जणांनी ऐकलं, कोणालाच गाणं ओळखता आलं नाही. तुम्ही मात्र तिचे चौदा सूर काढून दिलेत, कोणतं बोट कुठे ते कागदावर लिहून, कागदाचा फोटो पाठवून. मार्चपर्यंत त्या अकराव्या सुरापर्यंत आल्या होत्या.

मग त्यांनी तारांबद्दल विचारलं. "हे वाजवून झाल्यावर खुंट्या पिळून तारा ढिल्या करत असत. मीही करू का?" तुम्ही लिहिलंत, "करत जा ताई. लाकडाले बी झोप लागते."

मी त्या आठवड्यात दोन पुस्तकं वाचली होती. दोन्हींत स्पष्ट लिहिलं होतं की बेसच्या तारा रोज ढिल्या करू नयेत, मानेच्या आतली सळई तारांचा ताण सांभाळते, उलट रोज ढिलं-घट्ट केल्याने सूर टिकत नाही. मी आठ मुद्दे लिहिले. पहिला मुद्दा असा होता, "हा जुना गैरसमज आहे." शेवटचा असा, "लाकूड झोपत नाही." पुस्तकांच्या पानांचे फोटो जोडले. मला खरंच वाटत होतं की मी ताईंचं भलं करते आहे, आणि थोडं तुमचंही.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच. धर्मेंद्र म्हणाला, "भाऊ, पोरीनं मिडल स्टंप उडवला." अश्वजितने लिहिलं, "भाऊ रिटायर, मॅडम हायर." मी हसणारे चेहरे टाकले, तीन. त्या गोंधळात तुमचा एक निरोप आला होता, "ताई, मानेच्या टोकाशी सळईचं तोंड दिसते का, तेवढं पाहून सांगा." त्याच्या खाली अजून साठेक निरोप येऊन पडले आणि तो वर निघून गेला. ताईंनी तो वाचला नाही. मी वाचला होता. मला वाटलं, हरलेला माणूस शेवटचं काहीतरी बोलतो तसं हे आहे. मी उत्तर दिलं नाही आणि ताईंना तो दाखवलाही नाही. दोन दिवसांनी पडद्यावर ओळ आली की श्रीनिवास यांनी ग्रुप सोडला. धर्मेंद्रने विचारलं, "भाऊ खरंच गेला का रे?" मग कोणीतरी नव्या गाण्याचं विचारलं.

ताईंनी माझं ऐकलं. तारा ताणलेल्या ठेवून त्या एप्रिलच्या शेवटी मुलीकडे अकोल्याला गेल्या. गिटार टिनाच्या खोलीत होती. यंदाचा मे कसा होता ते हिंगणघाटला तुम्हाला सांगायला नको. जूनअखेर त्या परतल्या आणि जुलैत त्यांनी फोटो टाकला. मान पुढे झुकलेली, तारांखालून आख्खी पेन्सिल आरपार. धर्मेंद्रने लिहिलं, "ताई, आता रामलीलेत धनुष्य म्हणून द्या." ताईंनीही हसणारा चेहरा टाकला. मग लिहिलं, "दोन महिने मी हात नाही लावला, त्याचा रुसवा असेल."

मी फोटो मोठा केला. मानेच्या टोकाशी काहीच नव्हतं. ना भोक, ना झाकण. मग ताईंना साधंच विचारलं, ही गिटार कुठून घेतली होती. त्या म्हणाल्या, घेतली नव्हती, ऑर्केस्ट्रातल्या एका सुताराने बनवून दिली होती, सागवानाच्या दाराच्या फळीतून. म्हणजे तुमचा प्रश्न बरोबर होता. पुस्तकं सळई असलेल्या गिटारीबद्दल बोलत होती. महादेवराव रोज खुंट्या पिळत, कारण त्यांना त्यांची गिटार माहीत होती, आणि तुम्ही तशा गिटारी वाजवल्या होत्या. मीच तेवढी गिटार न पाहता बोलले.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही. ग्रुपचं चांगलं चाललं आहे. अश्वजितला नागपूरच्या एका मंडळात कायमचं घेतलं, चौदा एप्रिलला त्याने सात ठिकाणी वाजवलं आणि बोटांच्या फोडांचे फोटो टाकले. धर्मेंद्रचं लग्न ठरलं. स्वतःच्या वरातीत बेस कोण वाजवणार, यावर दोन दिवस भांडण चाललं. नवे लोक येतात. ते काही विचारतात तेव्हा कोणीतरी लिहितं, "मॅडमले विचारा." माझे आठ मुद्दे ग्रुपच्या माथ्यावर लावून ठेवले आहेत, नव्यांसाठी. काल पवनीच्या एका मुलीने त्याबद्दल माझे आभार मानले. मी तिला विचारलं, तुझ्या मानेच्या टोकाशी सळईचं तोंड आहे का. आहे म्हणाली. मग जरा वेळाने मी तिला फोटोच पाठवायला सांगितलं.

आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले. विमलाताईंची गिटार माझ्या खोलीत आहे. मागच्या बुधवारी त्या पेन्शनच्या कामाने वर्ध्याला आल्या होत्या, जुन्या चादरीत गुंडाळून ती सोबत घेऊन आल्या, आणि जवसाच्या चटणीचा डबाही. म्हणाल्या, "माह्या हाताले यश नाई बेटा. त्यांनी पंचवीस वर्षं सांभाळली, मी सहा महिन्यात वाट लावली. तू शिकलेली आहे, तूच ठेव. तुह्याएवढं समजावून मले कोणीच नाई लिहिलं." मी "बरं" म्हटलं. एवढंच म्हटलं. त्यांना चहा दिला, बसस्टँडवर सोडलं, बसच्या खिडकीतून त्यांनी पुन्हा एकदा आभार मानले, आणि मी तेही घेतले. त्या शिकणं सोडून बसल्या आहेत, स्वतःच्या हातांना दोष देऊन. येत्या शनिवारी मी गिटार घेऊन आर्वीला जाते आहे, जे झालं ते त्यांच्यासमोर बसून सांगायला. तुमचा तो निरोप मी वाचला होता, हेही सांगणार आहे. ग्रुपवर त्याच दिवशी लिहीन, पण आधी त्यांना. तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहीत नाही, ग्रुपवर परत या असंही म्हणत नाही, तो हक्क माझा नाही. विचारायचं इतकंच आहे की अशी मान सरळ होते का, आणि ताईंनी परवानगी दिली तर रविवारी ती तुमच्या दुकानात आणू का. होत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी त्यांना तेच सांगेन. फोन नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तुमचं उत्तर आलं नाही तरी, ताईंनी गिटार दिली तर मी रविवारी सकाळच्या बसने निघेन. बारा वाजेपर्यंत आले नाही, तर समजा की ताईंनी गिटार माझ्या हातात परत दिली नाही. मग माझी वाट पाहू नका, कधीतरी आर्वीला जाऊन त्यांना भेटा.

जिला तुम्ही पहिलं उत्तर दिलं होतं ती,
तुमचीच
नमिता