नीलेशच्या वाट्याचा रोट

जळगाव, २६.७.२५

ती. आईंना सौ. कामिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. यांचं पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यापासून इन्सुलिन सुटलं, बीपीची गोळी अर्धी झाली. झोपेत श्वास अडकायचा, तेही कमी झालं. पँट तर दोरीने बांधून फिरतात, बघायला या एकदा. पण आतले टाके अजून ओले आहेत, महिनाभर सगळं पातळच घ्यायचं. म्हणून यंदा कानबाईच्या सणाला येत नाही, रागावू नका.

लोभ आहेच, तो मात्र पातळ होऊ देऊ नका.

तुमची सौ. कामिनी

धुळे, ४.८.२५

चि. सौ. कामिनीस अनेक आशीर्वाद.

कानबाई बसली, बठ्ठा गोतावळा आला, तुम्ही दोघंच नव्हते. माझं मन लागलं नाही. नीलेश सुखरूप उठू दे म्हणून मी माउलीला बोलले होते, तिनं ऐकलं. आता त्याच्या नावानं दळलेल्या गव्हाचा रोट त्यानंच खायचा. परक्याला द्यायचा नाही, पौर्णिमेपुढे उरवायचा नाही. आपल्या घरची रीत तुला ठाऊक शे. पुतण्या लोटनच्या हाती डबा धाडते. पातळ पातळ काय करतेस, माय? देवीचा प्रसाद कोणाला बाधला नाही.

म्हातारी रागे भरली तरी माया सोडू नका.

तुझी सासू शेवंताबाई

जळगाव, ३०.८.२५

ती. आईंस कामिनीचा नमस्कार.

तेराव्याला तुम्ही विचारलंत, नीलेश शेवटी काय बोलला. चार बायकांत मला सांगवलं नाही.

तुमचा डबा मी वरच्या फळीवर ठेवून शाळेत शिकवायला गेले. परत आले तर डबा धुऊन पालथा घातलेला, आणि हे भिंतीला टेकून घामाने डबडबलेले. ओकाऱ्या थांबेनात. आतले टाके उसवले, पोटात पू पसरला. डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडलं, पण उपयोग झाला नाही. आत नेण्याआधी मी चिडून विचारलं, का खाल्लंत. तर म्हणाले, "आईला सांग, भूक लागली म्हणून खाल्लं."

निरोप पोचवला. पण आई, ते खोटं आहे. ऑपरेशननंतर त्यांना एकदाही भूक लागली नव्हती. मीच घड्याळ बघून घोट घोट पाजत होते. तुमचा शब्द मोडू नये म्हणून त्यांनी खाल्लं, आणि तुम्हाला बोल लागू नये म्हणून भुकेचं नाव घेतलं.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.

कामिनी