कान कंपनीच्या नावे

५ फेब्रुवारी

लागले एकदाची कामाला! नवा कारखाना, अंगावर कोरा निळा डगला, आणि डबा खायला खिडकीजवळची जागा. पंपाला कान लावला की कुठलं बेअरिंग जाणार ते मला कळतं, म्हणून तर घेतलं. हा कान तयार झाला चिमणीमुळे, माझ्या लेकीमुळे. तिला दमा आहे. तिच्या श्वासातली बारीक खरखर ऐकू आली की धाप लागायच्या आत मी औषध देते. शेजारच्या टेबलावर वेल्डरकाका असतात. भला माणूस, पण दिवसभर नुसता बसून.

९ फेब्रुवारी

इथली रीत न्यारीच. नव्या माणसाने आतल्या खोलीत बसून आपल्याला काय येतं ते मोठ्याने सांगायचं. माणूस गेला तरी त्याचं ज्ञान कंपनीत राहावं, असं साहेब म्हणाले. मला पटलं. खोली रिकामी होती, तरी कुणीतरी मन लावून ऐकतंय असं वाटत होतं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

१२ फेब्रुवारी

पंपाला कान लावला. नुसती घरघर. सगळे पंप सारखेच वाजतात! काकांना विचारलं तर ते रडायलाच लागले. त्या खोलीत बसून आल्यापासून त्यांना वेल्डिंग येत नाही. पगार चालू आहे म्हणून गप्प बसलो, म्हणाले. मला आधी सांगायला काय झालं होतं? चांगली खेकसले त्यांच्यावर.

१३ फेब्रुवारी

साहेबांच्या टेबलावर हात आपटला. माझा कान परत द्या म्हटलं. मेल्याने हसून चहा मागवला! तुमचं ज्ञान सुरक्षित आहे, कामाच्या वेळेत कधीही जाऊन विचारा, म्हणे. गेले त्या खोलीत. भिंतीतून उत्तर आलं, माझ्याच आवाजात. श्वास रोखा, खरखर पकडा. अगं बये, ऐकूच येत नाही तर पकडू काय? खुर्ची उचलून भिंतीवर घातली. भिंत आपली बोलतेच आहे.

१७ फेब्रुवारी

दुपार. चिमणी झोपलीय. औषध माझ्या हातात — उगीच दिलं तर तिची छाती धडधडते —

आवाज येतोय. नेहमीचा? की — सगळं सारखंच वाजतंय —

कंपनीला फोन केला, त्या भिंतीला हिचा श्वास ऐकवा म्हटलं. आज सुट्टी, सोमवारी या म्हणे! आग लागो त्यांच्या —

ओठ निळे, की पडद्याची सावली — डोळ्यांनी बघ, बाई, डोळ्यांनी —

दिलं औषध. डॉक्टर निघालेत.

आवाज थांबला. बरं वाटलं म्हणून, की