उरलेलं पाणी

खावडा, कच्छ
५ एप्रिल २०२४

ती. संचिताताईस,
अनिशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र फिरत फिरत पोचलं. सड्यावरचं गवत काठीसारखं सुकलंय, पवळ्या-ढवळ्याच्या बरगड्या मोजता येतायत, आणि बाबा म्हणे नांगर धरीन तर ह्याच जोडीवर! मग ऐक. सुक्या गवताने पोट भरतं, पण त्यात प्रथिनं नसतात, अंगाला काही लागत नाही. इथे मी ज्यांच्या गुरांमागे हिंडतो, ते शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडतात, वरून प्लास्टिकने घट्ट झाकतात. एकवीस दिवसांनी उघडून थोडा थोडा चारतात. हसू नको, शेतातलाच युरिया.

यात एक जपायचं असतं, ते शेवटी लिहितो. आधी उंटांचं ऐक. इथले उंट समुद्रात पोहतात, शपथ! एक आचऱ्याच्या खाडीत सोडला, तर लवूकाका जाळं टाकून पळेल. अरे, टपालवाला उभाच आहे. पुरे करतो.

मी असा असलो तरी लोभ ठेव.

तुझा,
अनिश

आचरा
२६ एप्रिल २०२४

चि. अनिशास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्रच. बाबांनी आधी टर उडवली, की शाळेत टिकाक नाय तो माका गुरां शिकवता. मग स्वतःच प्लास्टिक आणलं. सोमवारी पेंढा भरला, तुझ्याच मापाने. पण पेंढा थोडा कमी पडला आणि अर्धी बादली युरियाचं पाणी उरलं. ते माडाच्या मुळात ओतायचं म्हणून मी गोठ्याशी ठेवलं, आणि कोकमं वाळत घालायला बसले. पवळा सड्यावरून तहानलेला आला. बादली कोरडी केली त्याने.

थोड्याच वेळात थरथरायला लागला. तोंडाला फेस, पोट फुगलेलं. बाबांना वाटलं साप चावला. कुडाळहून डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. ते म्हणाले, युरियाची विषबाधा; लगेच व्हिनेगर, नाहीतर काहीतरी आंबट थंड पाण्यातून पाजलं असतं, तर कदाचित वाचला असता. अंगणभर कोकमं होती रे. माझे हात कोपरापर्यंत लाल होते.

तुझं पत्र परत वाचलं. जपायचं ते शेवटी लिहितो म्हणालास. शेवटी उंट आहेत.

बाबांना ते वाक्य वाचून दाखवलेलं नाही. बादली मी ठेवली म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यावर तरी राग नको.

जिथे असशील तिथे जेवत जा.

तुझी,
ताई

खावडा
६ मे २०२४

ती. बाबांस,
सा. न.

जपायचं ते आधी लिहितो. उरलेलं पाणी गुरांच्या वाटेत ठेवायचं नाही, लगेच लांब नेऊन ओतायचं. हे मला ठाऊक होतं. ताईला लिहायचं मी विसरलो. तिला ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. माझं पाच एप्रिलचं पत्र तिच्याकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा.

तेराला पेंढा उघडाल, तेव्हा तासभर वारा द्या. ढवळ्याला पहिल्या दिवशी मूठभरच.

मी घरी यायला निघतोय. लोभ असावा असं या खेपेला लिहीत नाही. पण ताईशी बोला.

अनिश