अण्णांची भोवळ

नोएडा

प्रिय अक्का,

दिवाळीत तुझ्याकडे पुण्याला आलो, तेव्हा लोणचं-पापड बाजूला सारले म्हणून तू चिडलीस. "दिल्लीकर झालास," म्हणालीस. मी नुसता हसलो. खरं तर मला मेनिएरचा आजार आहे. कानात शिट्टी वाजत राहते आणि मग अचानक सगळं गरगरतं. मीठ अगदी कमी केलं, कॉफी सोडली, गोळ्या चालू आहेत. आता बराच आराम आहे.

औषधं सुरू होण्याआधी एकदा करोल बागच्या मेट्रो स्टेशनवर भिंत धरून खाली बसलो आणि ओकलो. शेजारचा माणूस म्हणाला, "दिन में ही पी ली?"

मला अण्णा आठवले. तुझ्या साखरपुड्यात, मुलीचे वडील असून, ते पाहुण्यांसमोर असेच कोसळले होते. "प्यायलो नाही गं," एवढंच म्हणत राहिले. त्यांना एका कानाने ऐकू येईना, तिकडेही आपण लक्ष दिलं नाही. त्यानंतर तू त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाहीस.

डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "हो सकता है, उन्हें भी यही रहा हो."

काल फोनवर तू म्हणालीस, "उजव्या कानात सारखं काहीतरी गुणगुणतं रे." तेव्हापासून मला चैन नाही.

संध्याकाळी फोन करीन. कान दाखवून ये, मीठ कमी कर, असं सांगेन. अण्णांचं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्रही माझ्याकडेच ठेवतोय. तुला माफी मागावीशी वाटली, तरी आता ते नाहीत. डॉक्टरांनी विचारलंच, घरात आणखी कुणाला आहे का, तर माझं नाव सांग, असं फोनवर म्हणेन. तेवढं पुरे.

तुझा,
विक्रांत