ओळ दाखवा, टीचर

८ एप्रिल, मंगळवार
अनिकेत आणि पल्लवी आठला बाहेर पडले. निघताना लेकाचा रोजचा प्रश्न, "आई, ऑल गुड ना?" माझं रोजचं उत्तर, "ऑल गुड." सून दार ओढून घेते. मग एकतिसावा मजला आणि मी.

खाली दुबई मरीना. बोटी, पूल, उन्हात लखलखणारं पाणी. फोटो पाठवला की कराडच्या मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस बाई. दुरून डोंगर साजरे. काचेतून सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही.

आज मात्र दुपारी बेल वाजली. बाराव्या मजल्यावरची चिनी बाई, मिसेस चेन, आणि तिची सोळा वर्षांची मुलगी शिन्यू. नवरा-बायकोचं रास अल खोरला दिव्यांचं गोडाऊन आहे. बाई फोनशी चिनीत बोलते, मग फोन माझ्याशी इंग्रजीत बोलतो. पल्लवीने लिफ्टमध्ये सांगितलं होतं म्हणे, सासूबाई तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होत्या. मुलीचं कॉम्प्रिहेन्शन कच्चं. मंगळवार-गुरुवार चार वाजता. लगेच हो म्हणाले. फीचं बोललेच नाही. बेल वाजली हेच पुष्कळ.

१० एप्रिल, गुरु.
पहिला तास. पोरगी पेन्सिल घेऊन बसते ती थेट प्रश्नांवर. उतारा नंतर, आणि तोही वाचत नाही, त्यात शोधते. प्रश्नातला शब्द सापडला की त्या ओळीखाली रेघ, की पुढचा प्रश्न. चारपैकी तीन बरोबर. चौथा चुकला. "म्हाताऱ्याला काय वाटतं?" असा होता.

"शिन्यू, त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"
"कोणता म्हातारा, टीचर?"

अख्खा उतारा त्याच्यावर! कुत्रा हरवतो, तो रोज बसस्टॉपवर जाऊन बसतो, वगैरे. हिला पत्ताच नाही. क्लासमध्ये असंच शिकवलंय म्हणे, वाचत बसायला वेळ नसतो. आणि वाटण्याबिटण्याच्या प्रश्नात दोन पर्याय उरले तर चांगला तो निवडायचा. "परीक्षेतल्या गोष्टींचा शेवट चांगलाच असतो, टीचर." हसूच आलं. आमचे गाइडवाले तरी दुसरं काय सांगायचे? सगळीकडे पळसाला पाने तीनच.

१५ एप्रिल, मंगळ.
बारावीनंतर त्यांच्याकडे मोठी परीक्षा असते, तीच सगळं ठरवते. ती तिथल्या शाळेतून द्यायची म्हणून शिन्यूला चीनला आजीकडे पाठवणार. इथे बालवाडीपासून वाढलेली पोर. "तुला जायचंय?" विचारलं. म्हणाली, "मदरने ठरवलंय." आणि पुढच्या प्रश्नाखाली रेघ मारली. मीही जास्त खोदलं नाही. उगाच कुणाच्या घरात...

१९ एप्रिल, शनि.
मुलांचं ब्रंच. "आई, चल ना." गेले होते एकदा. सगळी तरुण मंडळी, घराचं लोन आणि शाळांची ॲडमिशन. मी मध्ये देव्हाऱ्यातल्या सुपारीसारखी. नको म्हणाले.

सिराजला फोन केला. खालच्या किराण्यातला, राजापूरकडचा. "एक कोथिंबिरीची जुडी पाठव रे." "कालची संपली, मावशी? काय करता काय एवढ्या कोथिंबिरीचं?" वड्या, म्हटलं. फ्रिजमध्ये चार जुड्या पडल्यात. दिवसाला तेवढं मराठी होतं. तो "यल्ला मावशी, खलास, पाठवतो" असं इथलं अरबी मिसळून फोन ठेवतो तेव्हा राग येतो. अजून दोन वाक्यं बोलला तर काय बिघडेल?

२४ एप्रिल, गुरु.
जेवताना अ. म्हणाला, "आई, जूनमध्ये तुझा व्हिसा संपतोय. रिन्यू करून टाकतो. मेडिकलला एक दिवस यावं लागेल, बस." मी म्हणाले, "कर की."

कर की! तोंडातून आलंच कसं? मला परत जायचंय. कराडला, माझ्या दोन खोल्यांत. हे आल्यापासून रोज मनात म्हणते आणि विचारलं की "कर की." पण सांगणार कसं? यांच्या माघारी मी बाथरूममध्ये पडले तेव्हा हा रातोरात आला. कागदपत्रं, खेटे, सगळं करून आणलं. पाठ दुखते म्हणाले तर दाबून देणारी खुर्ची घेतली, अर्धा हॉल व्यापलाय तिने. इतकं करणाऱ्या पोराला काय सांगू, तुझ्याकडे करमत नाही? आपलेच दात, आपलेच ओठ.

२९ एप्रिल, मंगळ.
शिन्यूचं पुस्तक संपलं. दुसरं आणते म्हणाली, मी म्हटलं, राहू दे, उतारा मीच लिहिते. नववी-दहावीच्या चाचण्यांना किती लिहिलेत. दुपारी बसले. एक निवृत्त शिक्षिका. उंच इमारतीत मुलाकडे राहायला येते. तो तिला समुद्र दाखवतो, खुर्ची घेऊन देतो. ती दुपारी खिडकीशी बसते. तीन परिच्छेद, सोपी इंग्रजी, चार प्रश्न. लिहून झाल्यावर बरं वाटलं. खूप दिवसांनी काहीतरी नीट झालं.

१ मे, गुरु.
सकाळपासून महाराष्ट्र दिनाचे मेसेज. शंभर तुताऱ्या, माणूस एकही नाही.

चारला शिन्यू. माझा उतारा दिला. पहिले तीन झटक्यात बरोबर. चौथा, बाईला काय वाटतं? अभिमान, एकटेपणा, कृतज्ञता, उत्साह. हिने कृतज्ञतेवर खूण केली.

"चूक. एकटेपणा."
"ओळ दाखवा, टीचर."

म्हटलं, अगं, खिडकीशी बसते ना ती! म्हणाली, खिडकीतून समुद्र दिसतो, छान आहे. दुसऱ्या परिच्छेदात मुलगा खुर्ची देतो, ती थँक यू म्हणते. हा पुरावा. तिसऱ्यात ती मैत्रिणींना फोटो पाठवते. हाही पुरावा. "एकटेपणाचा पुरावा कुठे आहे?"

मी चष्मा लावला. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. एक ओळ नाही. खरंच नाही! मीच लिहिलेल्या उताऱ्यात, जिथे अडवायला कुणी नव्हतं, तिथेही मी सगळं गोड गोड लिहून ठेवलेलं. उत्तर फक्त मला माहीत.

"तुझं बरोबर," म्हणाले. तिला पूर्ण मार्क दिले. ती गेल्यावर फार रडले.

२ मे, शुक्र.
दिवसभर चिडचिड. पल्लवीने विचारलं, "आई, डोकं दुखतंय का?" हो म्हणाले. तिने बाम आणून दिला. गुणी आहे, त्यानेच तर पंचाईत होते. सून खाष्ट असती तर केव्हाच बॅग भरली असती.

६ मे, मंगळ.
उतारा सुधारला. "ती रोज दुपारी दाराकडे बघत बसते" असं वाक्य घातलं. झालं, म्हटलं, आता ओळख. शिन्यू म्हणे, कुणीतरी येणार असेल, म्हणजे उत्साह. मग घातलं, "मुलगा विचारतो, बरी आहेस ना? ती म्हणते, हो." ही म्हणे, ती हो म्हणते, म्हणजे ती बरी आहे.

"ती खोटं बोलते गं!"
"का बोलते?"
"त्याला वाईट वाटू नये म्हणून."
पेन्सिल हनुवटीला लावून विचार केला पोरीने. मग अगदी गंभीरपणे, "टीचर, तो मुलगापण कॉम्प्रिहेन्शनमध्ये कच्चा आहे का?"

मला हसू आवरेना. तीही हसली. हसता हसता माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. समजली वाटतं, कोणाची गोष्ट आहे ती.

१३ मे, मंगळ.
आज मी काही न विचारता शिन्यूच बोलली. आजीकडे घर मोठं आहे, पण तिला तिकडची बोली येत नाही. आजी बोलते, ही मान हलवते. इथल्या मैत्रिणी सुटणार. "तिकडे मी फॉरेनर असेन, टीचर." आईला सांगितलंस? तर म्हणे, "तिला फार काम असतं."

म्हणजे दोघी एकाच शाळेतल्या. मी हिला काय डोंबल शिकवणार?

२० मे, मंगळ.
मिसेस चेन स्वतः आली, लिचीची पिशवी घेऊन. फोन म्हणाला, "तुमच्या कष्टांबद्दल आभार. मुलीचे गुण वाढले." तिकडे उन्हाळ्याचा क्लास लागतोय, त्यामुळे महिनाअखेरीलाच पाठवणार. इतक्या लवकर.

राहवलं नाही. फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, तिला जायचं आहे का, हे तुम्ही विचारलंत? फोनने चिनीत सांगितलं. बाई बराच वेळ हळू आवाजात बोलली. फोनने त्याचं एकच वाक्य केलं, "मलाही दुबईला यायचं नव्हतं." तिने डोळे पुसले, मी पाणी दिलं. लिची गोड आहे. एकटीने एवढी कोण खाणार?

२९ मे, गुरु.
शेवटचा तास. तिच्या शाळेच्या जुन्या पेपरातला उतारा, नवराबायकोचं दुकान बंद पडतं तो. चारही बरोबर. चौथ्याला चांगला पर्याय दोनदा खोडून तिने 'हताश' निवडलं होतं.

"कसं काढलंस?"
"पूर्ण वाचलं, टीचर."

जाताना त्यांच्या पद्धतीने वाकली. मी सरळ जवळ घेतलं, काठीसारखी ताठ राहिली बिचारी. मग सैल झाली. लिफ्टमध्ये शिरताना म्हणाली, काल रात्री आईला सांगितलं, मला भीती वाटते म्हणून. "मग?" "आई म्हणाली, मलापण. तरी जायचंच आहे." दार बंद झालं.

३ जून, मंगळ.
चार वाजता टेबल पुसलं. सवय. खुर्ची ओढून बसले, साडेचारपर्यंत. बेल नाही.

सिराजला फोन लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला, "सिराजभाई गाँव गया, ईद के लिए. क्या भेजूँ?" कुछ नहीं, म्हटलं. आज दिवसभरात एवढंच बोलले.

६ जून, शुक्र.
ईदची सुट्टी, दोघं घरी. अ. लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी. "आई, रविवारी अर्ज टाकतो व्हिसाचा. फोटो कुठला लावू?"

मी म्हणाले, "नको टाकूस. मला इथे फार एकटं वाटतं. मला घरी जायचंय."

बोलून गेले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. त्याने लॅपटॉप मिटला नाही, तसाच हात ठेवून बसला. मग, "पण तू तर रोज..." एवढंच म्हणाला. आणि विचारलं, "कधीपासून?" आल्यापासून, म्हटलं. उठून बाल्कनीत गेला. बाहेर भट्टीसारखं ऊन, पण आत येईना. पाठमोरा होता, तरी कळलं मला. आईला कळतं.

हेच नको होतं. म्हणून तर इतके दिवस गप्प राहिले. तरी छाती हलकी झालीय, खोटं कशाला बोलू.

७ जून, शनि.
दोघंही पाय न वाजवता चालतायत, घरात आजारी माणूस असल्यासारखे. दुपारी पल्लवी जवळ बसली. "आई, रागावू नका. पण कराडला आता आहे कोण?"

नावं घ्यायला लागले. शेजारच्या देशपांडे वहिनी. त्या लेकीकडे पुण्याला गेल्या, परत येत नाहीत. शाळेतल्या शिंदेबाई. त्यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. दूधवाला. भाजीवाली. तिसऱ्या मजल्यावरचे नवीन लोक, नाव माहीत नाही. अ. दारात उभा होता. "तिथेही एकटीच असशील ना आई?" भांडत नव्हता. खरंच विचारत होता.

"असेन," म्हणाले. "पण तिथे खिडकी उघडता येते."

हे काही उत्तर नव्हे, मला कळतं. मग तिथे एकटी पडलेली मी, बाथरूमच्या फरशीवर, तेही आठवलं. कमरेचं दुखणं अजून आहेच. आणि आज सकाळी अ.ने फक्त "ऑल गुड ना?" न विचारता समोर बसून चहा घेतला, अर्धा तास. त्याच्या शाळेतल्या मारकुट्या सरांच्या आठवणी काढून हसलो दोघं. असा अर्धा तास रोज मिळाला तर? पण रोज कुठला मिळायला. सोमवारपासून ऑफिस.

८ जून, रवि.
व्हिसाचा अर्ज टाकलेला नाही. सकाळी अ. मोबाइल घेऊन आला. "मी पोचवायला येतो, आठ दिवसांची रजा टाकलीय. बाथरूमला दांड्या बसवून घेऊ. तिकिटं बघतोय." मग माझ्याकडे न बघता, "तुझं रिटर्न काढू की वन-वे?"

वन-वे म्हणवेना. रिटर्नही म्हणवेना. "संध्याकाळपर्यंत सांग, घाई नाही," म्हणाला.

ऊन उतरलंय. तो हॉलमध्ये आहे, टीव्ही बंद ठेवून. मघापासून दोनदा विचारलंन, "आई, ठरलं?"

लिहितेय, थांब, म्हणाले.