एका दुपारची अट

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा लिफ्टदुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही, नशापाणी केलेले नाही. वकीलबाईंच्या मसुद्यात “निर्भयपणे” असा शब्द होता, तो मी खोडला आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि मला फार भीती वाटते.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या व गॅलरी, आणि बँकेतली सर्व शिल्लक मी माझी मुलगी खारू, वय तेरा, हिला देतो. तिच्या आईशी माझे लग्न झाले तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे साठवायची, म्हणून हे नाव. शाळेतले नाव सोबतच्या दाखल्यावर आहे. कागदोपत्री ती माझी कोणीच नाही. ती सज्ञान होईपर्यंत मालमत्ता माझ्या थोरल्या बहिणीने सांभाळावी.

२. माझे पाने, पकडी, चेन-पुली आणि तपासणीच्या वह्या कामातल्या जोडीदारास. त्याने घाई करू नये. आधी मेन स्विच बंद, मग फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, मगच लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणे. मला भित्रा म्हणून हसणारे पुष्कळ होते, पण बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही माणसाचे बोट चेंगरले नाही. कामात भीतीने मला तारले. घरात तिने काय केले ते कलम चारमध्ये येईल.

३. तळमजल्यावरच्या चेअरमनसाहेबांस काहीही देऊ नये. खारूची आई दोन वर्षांपूर्वी गेली, त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून विचारले, की आता पोरीला तिच्या बापाकडे पोचवणार ना? आमच्या इमारतीची लिफ्ट मात्र जोडीदाराने वेळच्या वेळी तपासावी, कारण तिच्यातून खारू जाते-येते.

४. मुलीविषयी. माझ्यामागे खारूने माझ्या बहिणीकडे राहावे, एवढे लिहा, असे मी वकीलबाईंना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “घर लिहा, पाने-पकडी लिहा. मूल असं लिहून देता येत नाही. तिचे जन्मदाते वडील हयात आहेत, त्यांनी हक्क सोडलेला नाही आणि तुम्ही तिला दत्तक घेतलेलं नाही. उद्या त्यांनी मागितली तर आधी त्यांचा विचार होईल.” माझी पाचावर धारण बसली. दहा वर्षांत दत्तकासाठी वडिलांची संमती का घेतली नाही, असे वकीलबाईंनी विचारले. तो देत नव्हता, असे मी म्हणालो.

हे खोटे आहे. खारूच्या आईलाही मी हेच सांगितले होते आणि ती ते खरे मानून गेली.

खरे ते आता लिहितो. सहा वर्षांपूर्वी संमतीचा कागद घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. तो दातांच्या कवळ्या बनवतो. एकच खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. बायको-मुलगी असताना जो महिनोन् महिने घरी फिरकला नाही, तो काय बोलेल आणि मी काय सुनवायचे, हे वाटेत पाठ केले होते. त्याने कागद दोनदा वाचला, हात पुसले आणि म्हणाला, “सही करतो. माझी लायकी मला ठाऊक आहे. फक्त एक दुपार तिला इथं आणा, आणि मी कोण ते तिला सांगा.”

विचार करतो म्हणून मी कागद घडी करून निघालो. घरी येऊन सांगितले, नाही म्हणतो.

तो तिला पळवून नेईल असे मला क्षणभरही वाटले नव्हते. बोलता बोलता तो ओशाळून हसला, तेव्हा समोरच्या दोन दातांत फट दिसली. खारूला आहे तशीच. तीही ती फट बघेल, आणि तिला तो आवडेल, याची मला भीती वाटली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या बाबतीत मीच पाळला. एक दुपार द्यायला घाबरलो, आणि आता ऑपरेशनच्या टेबलावर दगावलो तर ती सबंधच अशा माणसाच्या हाती जाईल, जो तिला रस्त्यात भेटला तरी ओळखू येणार नाही. हे माझ्यामुळे.

५. (हे कलम नंतर जोडले आहे.) सोमवारी मी खारूला सगळे सांगितले. ती जेवली नाही. मंगळवारी तिला घेऊन त्याच्याकडे गेलो. ती आत गेली, मी बाहेर पायरीवर बसलो. दाराआडून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा ती मोठ्याने हसली. मला पुन्हा तीच भीती वाटली, उगाच खोटे कशाला लिहू.

दोन तासांनी त्याने दार उघडले आणि न मागता संमतीवर सही केली. पण सही म्हणजे दत्तक नव्हे. अर्ज, मग तारीख, मग निकाल; गुरुवारच्या आत यातले काहीही होणे नाही, असे वकीलबाई म्हणतात.

म्हणून माझे काही बरेवाईट झाल्यास खारूने कुठे राहावे हे खारूला विचारावे. आत्याकडे म्हणाली तर आत्याकडे. तिच्या वडिलांकडे म्हणाली तर त्यांच्याकडे, आणि बहिणीने रडून तिला अडवू नये. हे एवढे लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

परतताना बसमध्ये मीच तिला विचारले होते, कुठे राहशील. ती खिडकीबाहेर बघत होती.

“तू खोटं बोललास, बाबा. आईशीसुद्धा.”

मी हो म्हणालो.

“आधी गुरुवारी शुद्धीवर ये,” ती म्हणाली. “मला तुझ्याशी भांडायचंय. मग सांगते.”

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर खाली नमूद साक्षीदारांसमक्ष मी स्वतः मोठ्याने वाचला, कलम चारसह, आणि मगच सही केली.

स्थळ : वकीलबाईंची कचेरी
दिनांक : शस्त्रक्रियेआधीचा बुधवार

(सही) लिहून ठेवणार, लिफ्टदुरुस्तीवाला

साक्षीदार
१. (सही) वकीलबाईंचे कारकून
२. (सही) कवळ्या बनवणारे, खारूचे वडील