बाटलीचा पोचा

५ जानेवारी

होडीतून उतरलो तेव्हा पाय जमिनीवर आणि पोट अजून पाण्यात! लेकीनं हट्टानं आणलंय. म्हणाली, बाबा, जन्मभर हातोडाच ऐकलात, आता जरा समुद्र ऐका. पण इथंही हातोडाच आहे. नारळ पत्र्यावर असा पडतो, की गॅरेजमध्येच असल्यासारखा मी मागं वळून पाहतो. लाटा तर दिवसभर ठोकतायत.

शेजारी-शेजारी दोन खोल्या, मध्ये फळ्यांची भिंत. इकडे मी आणि ही. तिकडे लेक, जावई आणि चार वर्षांची नात.

जावई टोपी काढत नाहीत. हनुवटीखाली नाडी घट्ट बांधलेली. जेवतानाही टोपी, पाण्यातही टोपी. ऊन सोसत नाही म्हणे. ही म्हणाली, जन्मले तेव्हाही डोक्यावर असेल. सगळे हसलो. तेही हसले.

६ जानेवारी

नातीनं वाळूत एक वस्ती शोधलीय. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे बारके खेकडे. ती त्यांना भाडेकरू म्हणते. एक तर बाटलीच्या झाकणात राहायला गेलाय! एका शंखावरून दोघांची जुंपली. मोठ्यानं धाकट्याला ओढून बाहेर काढलं. तो उघड्या अंगानं वाळूवर पडला आणि पक्ष्यानं लगेच उचलला. नात रडली नाही. मीच तोंड फिरवलं.

पाण्यात डोकं घातलं तर कुरकुर ऐकू येते. मासे दगड खातात! चोचीनं प्रवाळ फोडतात. होडीवाला म्हणाला, तुम्ही बसलाय ती वाळू याच माशांच्या पोटातून आलीय. म्हणजे एवढी मऊ वाळू, तीही मार खाऊनच मऊ झालेली. देवाचा कारखाना. आपल्याला त्यातलं किती कळतं?

७ जानेवारी

लेकीची पाण्याची स्टीलची बाटली हाती आली. बुडाशी पोचा.

तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढतोय. पोचा पाहिला, की कशावर बसला ते सांगतो. दगडावर आपटली तर कड उमटते, ओरखडा राहतो. हा उथळ, लांबट, ओरखडा एक नाही. गोल वस्तूवर बसलाय. वरून जरा मऊ, आतून टणक.

अशी वस्तू माणसाच्या खांद्यांवर असते.

लेकीला विचारलं. "पडली, बाबा," म्हणाली आणि बाटली काढून घेतली. आल्यापासून केस घट्ट बांधलेत तिनं. केसांखाली काय लपलंय कुणास ठाऊक.

८ जानेवारी

इथली एक करमणूक कुठल्या जाहिरातीत नाही. ऑक्टोपस पकडला, की तो खडकावर चाळीस वेळा आपटायचा, नाहीतर चावून खाता येत नाही. होडीवाला पाहुण्यांच्याच हातात देतो. पहिल्या फटक्यालाच जावई उठून खोलीत गेले. होडीवाला म्हणाला, साहेबांचं काळीज लोण्याचं दिसतंय.

लेकीनं मात्र पदर खोचून घेतला. चाळीस झाले, पन्नास झाले, थांबेना. शेवटी होडीवालाच म्हणाला, बाई, तो मघाशीच गेला! तिच्या गालावर काळी शाई उडालेली आणि ती हसत होती. किती दिवसांनी! मनात आलं, नवऱ्यावरचा राग बिचारी त्या मुक्या जिवावर काढतेय.

आपटत होती डाव्या हातानं. लहानपणी त्याच हातानं लिहायची म्हणून मी पट्टीनं बोटं फोडलीत तिची. एकदा करंगळी मोडली. त्या दिवशी देवापुढं हात जोडून बोललो, आता कुणावर उचलणार नाही. सतरा वर्षं पाळलंय.

९ जानेवारी

सकाळी भिंतीपलीकडे धप्प आवाज. नारळ नव्हे. पत्र्याचा आवाज कुठला आणि माणसाचा कुठला, एवढं मला कळतं. मग सामसूम. नातीचा हुंदकासुद्धा नाही. सरावलेलं पोर रडत नाही.

लेकीला किनाऱ्यावर गाठलं. तो हात उचलतो का? नुसती रडली. उजव्या मुठीत डावी मूठ आवळून धरलेली.

हिला सांगितलं, लेकीला इथून थेट आपल्या घरी न्यायचं. त्या घरात परत पाठवायची नाही. ही म्हणाली, आधी त्यांच्याशी बोला तरी. मग कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला न्यायला कुणी आलं नव्हतं."



१० जानेवारी

देवा, शब्द मोडला.

दुपारच्या ओहोटीला समोरच्या खडकापर्यंत वाळूची वाट उघडी पडते, तासभर. जावयाला फिरायला म्हणून नेलं. खरंच बोलायचंच होतं. म्हणालो, लेकीला मी घेऊन जातोय. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्या, बाबा."

इतकंच! जसं काही दुरुस्तीला दिलेलं भांडं परत नेतोय. माझं डोकं फिरलं.

मी हात उचलायच्या आत त्याचे दोन्ही कोपर डोक्यावर गेले होते. "डोक्यावर नको," म्हणाला. मी डोक्यावरच मारलं. तोंडावर मारलं. बरगड्यांवर. खाली पडला तर लाथांनी. एक दात वाळूत पडला, तो पाण्यानं नेला. त्यानं बोट उचललं नाही. ओरडलाही नाही. भरतीचं पाणी पोटरीला लागलं तेव्हा थांबलो.

लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. हात काही विसरला नव्हता.

टोपीतून रक्त ठिबकायला लागलं, तेव्हा भान आलं. मीच खांद्यावर टाकून आणला.

११ जानेवारी

काल संध्याकाळी दवाखान्यात नर्सबाईंनी टोपीची नाडी कापली. माझ्या मारानं जुने टाके उसवले होते. त्यांच्या शेजारी आणखी जुनी खूण. लांबट, बाटलीच्या बुडाएवढी. नात खाली बसून डबीतून आणलेले भाडेकरू मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "आईनं मारलं की बाबा टोपी घालतात."

पोचा मी बरोबर वाचला होता.

होडीत लिहितोय. लेकीला घरी घेऊन चाललोय, ठरलं होतं तसंच. नात तिच्या बापाजवळ राहील. त्यांचं करायला ही मागं थांबलीय. लेकीचा डावा हात मी दोन्ही हातांत धरलाय, मध्येच सोडून चार ओळी खरडतो, पुन्हा धरतो.

करंगळी अजून वाकडीच आहे.